विश्लेषण : एका ‘टिक’मुळे 100 पौंडांपर्यंत दंड? इंग्लंडमधील मोफत औषधांचा नियम नेमका काय आहे?

समजा, पुण्याहून लीड्सला एमएस्सी करायला गेलेली 23 वर्षांची एक विद्यार्थिनी आहे. ऑक्टोबरची थंडी, घसा धरलेला, अंगात ताप. जीपी, म्हणजे तिकडचा फॅमिली डॉक्टर, तिला तपासतो आणि दोन औषधे लिहून देतो. तपासणीचे पैसे कुणी मागत नाही. औषधांच्या दुकानात मात्र काउंटरवरची व्यक्ती विचारते, औषधांचे पैसे भरता की तुम्हाला सूट आहे? ती मनात हिशेब करते. व्हिसा काढतानाच आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला 776 पौंड भरलेत, शिवाय आपण पूर्णवेळ विद्यार्थी. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पूर्णवेळ शिक्षणाचा उल्लेख असलेली एक चौकट दिसते. ती तिथे टिक करते, खाली सही करते आणि औषधे घेऊन घरी येते.

पुढे कधीतरी चौकशीचे एक पत्र येते. परीक्षेच्या धांदलीत ते तसेच पडून राहते. त्यामागून येते दंडाची नोटीस, 118 पौंड 80 पेन्सची. औषधांचे शुल्क होते 19 पौंड 80 पेन्स.

ही विद्यार्थिनी काल्पनिक आहे, पण तिच्या नोटिशीतला हिशेब इंग्लंडमध्ये आजही लागू असलेल्या नियमाचा आहे. आणि तिची चूकही फार वेगळी नाही. त्या चौकटीत ‘पूर्णवेळ शिक्षण’ हे शब्द होते हे खरे. पण त्याच ओळीत आधी ‘वय 16, 17 किंवा 18’ असेही छापलेले होते.

शिक्षण किंवा नोकरीसाठी महाराष्ट्रातून इंग्लंडला गेलेल्यांना हा नियम माहीत असणे गरजेचे आहे. त्यांच्या बॅगेत क्रोसिनची पाकिटे भरून देणाऱ्या आई-वडिलांनाही.

इंग्लंडमध्ये औषधे मोफत आहेत की नाहीत?

दोन्ही. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा म्हणजे एनएचएस. तिच्या डॉक्टरने लिहून दिलेल्या प्रत्येक औषधामागे इंग्लंडमध्ये 9 पौंड 90 पेन्स शुल्क आहे. 1 मे 2024 पासून हा दर लागू झाला आणि 2025-26 या वर्षासाठी तो गोठवण्यात आला. आपल्या रुपयांत हजाराहून थोडे अधिक. औषधाची खरी किंमत काहीही असो, दहा पेन्सची गोळी असो की शंभर पौंडांचे इंजेक्शन, शुल्क तेवढेच. चिठ्ठीवर तीन औषधे असतील तर तीनदा.

पण सूट मिळणाऱ्यांची यादी इतकी लांब आहे की इंग्लंडमध्ये दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी सुमारे 89 टक्के औषधांवर कुणी काउंटरवर एक पैसाही भरत नाही. त्यामुळे नव्याने गेलेल्या माणसाला आजूबाजूला सगळेच औषधे फुकट घेताना दिसतात. रांगेतल्या आजोबांनी पिशवीभर औषधे नुसती उचलून नेली, मग आपल्यालाच कशाला पैसे पडतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. आजोबा साठीच्या पुढचे असतात, एवढाच फरक.

गोंधळात भर म्हणजे हा नियम फक्त इंग्लंडचा आहे, सगळ्या ब्रिटनचा नाही. वेल्सने 2007 मध्ये, उत्तर आयर्लंडने 2010 मध्ये आणि स्कॉटलंडने 2011 मध्ये हे शुल्क पूर्ण रद्द केले. एडिनबरा किंवा कार्डिफला शिकणाऱ्या मित्राचा ‘अरे, इथे औषधे फुकटच असतात’ हा सल्ला त्याच्यापुरता बरोबर असतो. लंडन, मँचेस्टर किंवा लीड्समध्ये तो महागात पडू शकतो.

सगळे मोफत असायला हवे होते ना?

होय, सुरुवात तशीच झाली होती. 5 जुलै 1948 ला एनएचएस सुरू झाली तेव्हा औषधे, चष्मे, कवळ्या सगळेच मोफत होते. वर्षभरातच, 1949 मध्ये, शुल्क आकारण्याची तरतूद कायद्यात आली. चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावण्याच्या प्रस्तावावरून 1951 मध्ये एनएचएसचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. त्यांच्याबरोबर राजीनामा देणाऱ्यांत हॅरॉल्ड विल्सन हेही होते. 1952 मध्ये चर्चिल सरकारने औषधांच्या चिठ्ठीवर एक शिलिंग शुल्क लावले. पुढे विल्सन पंतप्रधान झाले आणि त्यांनी 1965 मध्ये ते रद्द केले. तीनच वर्षांनी, तिजोरी आवळल्यावर, त्याच विल्सन यांच्या सरकारला ते परत आणावे लागले.

1968 मध्ये शुल्क परत आले ते सवलतींची यादी सोबत घेऊन. म्हातारे, मुले, गरोदर स्त्रिया, गरीब आणि काही ठरावीक आजारांचे रुग्ण यांना वगळून बाकीच्यांनी पैसे भरायचे. आजची गुंतागुंत त्या यादीतूनच आलेली आहे. शुल्क सरसकट असते तर प्रश्नच नव्हता, अजिबात नसते तरीही नव्हता. मधला मार्ग निवडला की कोण आत आणि कोण बाहेर हे कुणीतरी सांगावे लागते. इंग्लंडने हे काम रुग्णावर सोपवले.

सूट कुणाला मिळते?

वयाचा नियम सोपा आहे. 16 वर्षांखालील, 60 किंवा त्याहून अधिक वयाचे, आणि पूर्णवेळ शिकणारे 16 ते 18 वयाचे. मास्टर्स करायला गेलेला भारतीय विद्यार्थी यात बसतच नाही, कारण तो किमान विशीत असतो.

गरोदर स्त्रिया आणि गेल्या 12 महिन्यांत बाळंत झालेल्या स्त्रिया यांना सूट आहे. पण नुसते गरोदर असून चालत नाही. मातृत्व सूट प्रमाणपत्र लागते आणि ते सुईण किंवा डॉक्टरांमार्फत आधी मागावे लागते. सात महिन्यांचे पोट घेऊन काउंटरवर उभ्या असलेल्या बाईलाही प्रमाणपत्र नसेल तर नोटीस येऊ शकते.

आजारांचेही तसेच. मधुमेहासाठी औषध घेणारे (फक्त पथ्यावर असलेले नाहीत), थायरॉइड कमी काम करते म्हणून रोज थायरॉक्सिन घेणारे, सतत औषध लागणारे अपस्माराचे रुग्ण, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि आणखी काही मोजके आजार या यादीत आहेत. कर्करोगाची भर 2009 मध्ये पडली. बाकीची यादी बरीचशी 1968 च्या काळातली आहे आणि तशी दिसतेही. दमा तिच्यात नाही. उच्च रक्तदाब नाही. आयुष्यभर औषध घ्यावे लागणारे कितीतरी आजार नाहीत. डॉक्टर म्हणतात औषध कायमचे आहे, म्हणून सूट असेलच असे मानून अनेक जण फसतात.

इथे भारतीय कुटुंबांच्या कामाची एक गोष्ट आहे. थायरॉइड आणि मधुमेह आपल्याकडे घरोघरी आहेत. तिकडे नोकरीला गेलेल्या तिशी-पस्तिशीतल्या ज्या बाईला रोज सकाळी थायरॉइडची गोळी घ्यावी लागते, तिला वैद्यकीय सूट प्रमाणपत्राचा हक्क आहे. ते मिळाले की फक्त थायरॉइडची नव्हे, एनएचएसच्या चिठ्ठीवरची तिची सगळीच औषधे मोफत होतात, अगदी खोकल्यासाठी लिहून दिलेले अँटिबायोटिकसुद्धा. त्यासाठी डॉक्टरकडे एफपी 92ए नावाचा अर्ज भरावा लागतो. प्रमाणपत्र साधारण पाच वर्षे चालते. ज्यांना हक्क नाही ते टिक करतात आणि ज्यांना हक्क आहे त्यांना तो माहीतच नसतो, असे दोन्ही प्रकार एकाच शहरात सापडतात.

याशिवाय काही सरकारी भत्ते घेणारे आणि कमी उत्पन्नाचे एचसी 2 प्रमाणपत्र असलेले यांनाही सूट आहे. काही औषधांवर शुल्कच नसते. एनएचएसने लिहून दिलेली गर्भनिरोधके, तसेच क्षयरोग आणि लैंगिक संसर्गजन्य आजारांवरची औषधे त्यात येतात.

टिक करणे म्हणजे नेमके काय करणे?

आपल्याकडे ‘फॉर्म भरून द्या, बाकी आम्ही बघतो’ ही सवय आहे. सही म्हणजे बहुतेक वेळा एक उपचार. इंग्लंडमधल्या औषधाच्या चिठ्ठीमागची सही मात्र घोषणापत्र असते. मी दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे, ती खोटी ठरल्यास माझ्यावर कारवाई होऊ शकते, आणि तपासणीसाठी ही माहिती इतर सरकारी खात्यांशी ताडून पाहायला माझी हरकत नाही, अशा आशयाचा मजकूर तिथे असतो. लाडकी बहीण योजनेच्या अर्जासोबतचे हमीपत्र आठवले तर ही कल्पना लगेच समजेल. आधी विश्वास ठेवून लाभ द्यायचा, पडताळणी नंतर करायची.

औषधविक्रेत्याचे काम पुरावा मागण्याचे आहे, पण अडवण्याचे नाही. ग्राहकाकडे प्रमाणपत्र नसेल तर तो चिठ्ठीवर ‘पुरावा पाहिला नाही’ अशी खूण करतो आणि औषध देतो. यामागचा विचार माणुसकीचा आहे, कागद नाही म्हणून कुणाचे औषध अडू नये. पण नवख्या माणसाला वाटते, दुकानदाराने काही विचारले नाही, पैसे घेतले नाहीत, म्हणजे आपण बरोबरच असणार. तसा त्याचा अर्थ होत नाही. दुकानदाराने काहीच ठरवलेले नसते.

ठरवते ती एनएचएस बिझनेस सर्व्हिसेस अथॉरिटी, न्यूकॅसलमध्ये मुख्यालय असलेली संस्था. दुकानांतून आलेल्या चिठ्ठ्यांमधून काही निवडून ती भत्त्यांच्या आणि प्रमाणपत्रांच्या नोंदींशी ताडून पाहते. नोंद जुळली नाही तर आधी चौकशीचे पत्र जाते. त्याला 28 दिवसांत उत्तर दिले आणि पुरावा दाखवला तर विषय संपतो. उत्तर आले नाही किंवा पुरावा नसेल तर नोटीस.

आता बहुतेक चिठ्ठ्या कागदावर नसून डॉक्टरांच्या संगणकावरून थेट दुकानात जातात. अनेक दुकानांत सूट आहे की नाही हे त्याच क्षणी संगणकावर तपासण्याची सोयही आली आहे. नाव सापडले तर टिकही नको आणि सहीही नको. सापडले नाही तर मात्र जुना प्रश्न पुन्हा समोर येतो आणि उत्तराची जबाबदारी पुन्हा रुग्णावर.

आणखी एक बाब, जी फ्लॅट शेअर करून राहणाऱ्या मुलांना हमखास नडू शकते. तापाने पडलेल्या मित्राची औषधे आणायला रूममेट जातो आणि त्याच्या वतीने टिक करून येतो. टिक रूममेटने केली तरी पत्र येते ते चिठ्ठीवर ज्याचे नाव आहे त्याला. आपले औषध आणायला कुणाला पाठवत असाल तर ‘पैसे भर’ की ‘सूट आहे’ हेही सांगून पाठवायला हवे.

दंडाचे गणित कसे असते?

न भरलेले मूळ शुल्क, अधिक त्याच्या पाचपट दंड. दंडाला 100 पौंडांची कमाल मर्यादा आहे. 28 दिवसांत पैसे भरले नाहीत तर दंडाच्या निम्म्याइतका, म्हणजे जास्तीत जास्त 50 पौंडांचा जादा आकार.

एका औषधाचे 9 पौंड 90 पेन्स बुडवले तर 49 पौंड 50 पेन्स दंड, एकूण 59 पौंड 40 पेन्स. सुरुवातीच्या विद्यार्थिनीची दोन औषधे होती, म्हणून 99 पौंड दंड आणि 19 पौंड 80 पेन्सचे शुल्क. ती 28 दिवस गप्प बसली तर त्यात आणखी 49 पौंड 50 पेन्स पडतात आणि रक्कम 168 पौंड 30 पेन्सवर जाते. पार्टटाइम काम करून भाडे भागवणाऱ्या मुलीसाठी ही किरकोळ रक्कम नाही.

आणि गप्प बसणे बऱ्याचदा जाणूनबुजून नसते. पत्र डॉक्टरकडे नोंदवलेल्या पत्त्यावर जाते. विद्यार्थी पहिले काही महिने हॉस्टेलमध्ये, मग मित्रांबरोबर भाड्याच्या घरात, मग नोकरी लागली की दुसऱ्याच शहरात. बँकेत आणि विद्यापीठात पत्ता बदलला जातो, डॉक्टरकडे बदलायचे राहते. पत्र जुन्या घराच्या दारात पडून राहते आणि दिवस मोजले जात असतात. थकलेली रक्कम वसुली करणाऱ्या खासगी कंपनीकडेही सोपवली जाऊ शकते.

मग चूक कायम रुग्णाचीच असते का?

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. अशा दंडाची तरतूद 1999 च्या आरोग्य कायद्याने आणली आणि आता ती 2006 च्या राष्ट्रीय आरोग्य सेवा कायद्यात आहे. त्यात एक महत्त्वाची पळवाट, खरे तर न्यायाची खिडकी, ठेवलेली आहे. आपण गैर हेतूने वागलो नाही आणि काळजी घेण्यातही कसूर केली नाही, हे संबंधित व्यक्तीने दाखवून दिले तर तिला दंड लागत नाही.

या वाक्याचे दोन भाग नीट वाचायला हवेत. ‘मी मुद्दाम केले नाही’ एवढे म्हणणे पुरत नाही, ‘मी काळजी घेतली होती’ हेही दाखवावे लागते. आणि ते दाखवायचे काम रुग्णाचे आहे. चौकटीतले ‘16, 17 किंवा 18’ न वाचता टिक करणे हा खोटेपणा नसेल, पण निष्काळजीपणा नक्की मानला जाऊ शकतो. दुकानातल्या माणसानेच टिक केली होती किंवा डॉक्टर म्हणाले होते औषध फुकट मिळेल, हे उत्तर पुरेसे ठरेल असे धरून चालता येत नाही. ‘चेक बिफोर यू टिक’, म्हणजे टिक करण्याआधी तपासा, अशी मोहीमच याच मुद्द्यावर चालवण्यात आली आहे.

इथवर बाजू सरकारची. पण 2019 च्या मे महिन्यात ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने, म्हणजे तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी, या नोटिशींची तपासणी केली आणि वेगळे चित्र पुढे आले. 2014 पासून औषधे आणि दंतोपचार मिळून 56 लाख नोटिसा निघाल्या होत्या. एकूण रक्कम 67.6 कोटी पौंड. त्यातल्या 17 लाख नोटिसा, 18.8 कोटी पौंडांच्या, मागे घ्याव्या लागल्या, कारण त्या लोकांना सूट खरोखरच होती. दर दहा नोटिशींमागे तीन. प्रत्यक्ष वसुली झाली होती 13.3 कोटी पौंडांची.

म्हणजे वसूल झाले त्याहून जास्त रकमेच्या नोटिसा चुकीच्या माणसांच्या हातात पडल्या होत्या. ज्यांनी पत्र पाहून भांडण्याऐवजी घाबरून पैसे भरून टाकले त्यांची मोजदाद या आकड्यात नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. संसदेच्या लोकलेखा समितीने त्याच वर्षी या कारभारावर कडक टीका केली. दंतवैद्यांच्या संघटनेचीही तक्रार होती की स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध आणि बौद्धिक अक्षमता असलेली माणसे या जाळ्यात विनाकारण सापडतात.

गोंधळ किती होता याचे सगळ्यात बोलके उदाहरण ‘युनिव्हर्सल क्रेडिट’चे आहे. सहा जुने भत्ते एकत्र करून आणलेला हा भत्ता 2013 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. तो घेणाऱ्यांपैकी ठरावीक मर्यादेपेक्षा कमी कमावणाऱ्यांना औषधे मोफत आहेत. मर्यादा महिन्याला 435 पौंड, मूल असेल किंवा आजारपणामुळे काम करण्याची क्षमता मर्यादित असेल तर 935 पौंड. पण चिठ्ठीच्या मागे या भत्त्याची चौकटच कित्येक वर्षे नव्हती! लोकांना सूचना होती की त्यांनी ‘उत्पन्नाधारित जॉबसीकर्स अलाउन्स’ या वेगळ्याच भत्त्याच्या चौकटीत टिक करावी. खरी माहिती द्या नाहीतर दंड भरा, असे बजावणारा फॉर्मच चुकीच्या जागी टिक करायला लावत होता. शिवाय महिन्याच्या कमाईप्रमाणे पात्रता बदलते. गेल्या महिन्यात जादा शिफ्ट केली म्हणून या महिन्यात सूट नाही, हे आजारी माणसाने काउंटरवर उभे राहून आठवायचे.

आजारपणाच्या भत्त्याचेही असेच. ‘एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स’ एकाच नावाचा, पण त्याचे दोन प्रकार. उत्पन्नावर आधारलेला असेल तर औषधे मोफत, विमा हप्त्यावर आधारलेला असेल तर नाही. बँक खात्यात पैसे जमा होणाऱ्याला आपला कोणता हे अनेकदा ठाऊकच नसते.

टीकेनंतर काही सुधारणा झाल्या. थेट नोटीस पाठवण्याआधी चौकशीचे पत्र, संगणकावर तत्काळ पडताळणी, युनिव्हर्सल क्रेडिटसाठी स्वतंत्र चौकट. जे सरकारलाच आपल्या नोंदींवरून माहीत असते ते रुग्णाला विचारून, चुकला तर दंड करायचा, ही पद्धत मुळातच विचित्र होती. तत्काळ पडताळणी हा त्यावरचा खरा इलाज आहे. पण नव्याने देशात आलेला माणूस या नोंदींमध्ये कुठेच नसतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत अजूनही सगळे त्याच्या उत्तरावरच चालते.

अधिभार भरला तरी औषधांचे पैसे का?

भारतीयांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच. व्हिसासोबत भरलेला आरोग्य अधिभार फेब्रुवारी 2024 पासून विद्यार्थ्यांना वर्षाला 776 पौंड आणि नोकरदारांना 1,035 पौंड आहे. तो व्हिसाच्या पूर्ण मुदतीसाठी एकदम घेतला जातो. एवढे पैसे गेल्यावर सगळे मोफत असेल असे वाटले तर दोष देता येणार नाही.

पण अधिभार भरणाऱ्याला मिळते ते तिथल्या कायम रहिवाशाइतकेच. डॉक्टरची भेट आणि रुग्णालयातील बहुतेक उपचार मोफत, औषधाची चिठ्ठी, दात आणि डोळे यांचे शुल्क वेगळे. रहिवासी भरतो तसे. हेल्थ अँड केअर व्हिसावर गेलेल्या परिचारिकांना अधिभार माफ आहे, पण औषधांच्या शुल्काचा नियम त्यांनाही हाच.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. व्हिसावर ‘सार्वजनिक निधी घेण्यास मनाई’ असे लिहिलेले असते, म्हणून अनेक विद्यार्थी कमी उत्पन्नाच्या एचसी 2 प्रमाणपत्रासाठी अर्जच करत नाहीत. मात्र इमिग्रेशनच्या नियमांत सार्वजनिक निधी म्हणून ज्या भत्त्यांची यादी दिली आहे, तिच्यात एनएचएसचे उपचार नाहीत. एचसी 1 अर्ज भरून उत्पन्न आणि बचत दाखवता येते. बचत 16 हजार पौंडांच्या वर असेल तर सहसा अर्ज बसत नाही. अर्ज करणे वेगळे आणि प्रमाणपत्र हातात असणे वेगळे, हे मात्र विसरता कामा नये. अर्ज टाकला आहे म्हणून एचसी 2 च्या चौकटीत टिक करणे ही पुन्हा तीच चूक.

काउंटरवर काय करावे?

आधी औषध चिठ्ठीवरच हवे का, हे विचारायला हरकत नाही. पॅरासिटामॉलचे साधे पाकीट दुकानात पौंडाच्या आत मिळते, त्यासाठी 9 पौंड 90 पेन्स मोजण्यात अर्थ नाही.

नियमित औषधे लागणाऱ्यांसाठी आगाऊ पैसे भरण्याचे प्रमाणपत्र आहे. तीन महिन्यांचे 32 पौंड 5 पेन्स, वर्षाचे 114 पौंड 50 पेन्स. त्या मुदतीत कितीही औषधे घ्या. तीन महिन्यांत चार किंवा वर्षात बारा औषधे लागणार असतील तर हे स्वस्त पडते. दम्याचे दोन पंप दर महिन्याला लागणाऱ्या मुलाला सुटे शुल्क वर्षाला 237 पौंड 60 पेन्स पडेल, प्रमाणपत्र घेतले तर त्याच्या निम्म्याहून कमी. वार्षिक प्रमाणपत्राचे पैसे दहा हप्त्यांतही देता येतात. याचीही मुदत संपते आणि मुदत संपल्यावर केलेली टिक चुकीचीच धरली जाते, म्हणून तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवावी.

पत्र आलेच तर ते बाजूला ठेवू नये आणि घाबरून लगेच पैसेही भरू नयेत. सूट खरोखर होती का हे आधी पाहावे. प्रमाणपत्राचा क्रमांक, भत्त्याचे पत्र, जे असेल ते घेऊन पत्रात दिलेल्या मुदतीत उत्तर द्यावे. 17 लाख नोटिसा मागे घेतल्या गेल्या त्या लोकांनी हेच केले होते.

आणि सूट आहे की नाही याची खात्री नसेल, डॉक्टरकडे अर्ज दिलाय पण प्रमाणपत्र आलेले नाही, भत्ता कोणता ते आठवत नाही, अशा वेळी पैसे भरून औषध घ्यावे आणि दुकानदाराकडे एफपी 57 ही पावती मागावी. नंतर हक्क सिद्ध झाला तर तीन महिन्यांच्या आत तिच्यावर पैसे परत मिळतात. साधी बिलाची पावती त्यासाठी चालत नाही आणि एफपी 57 नंतर बनवून मिळत नाही. पैसे देताना, त्याच वेळी मागावी लागते.